कृपा काय फक्त पास झालेल्यांवरच असते का?

मा. संपादक,

नमस्कार. दहावीचा रिझल्ट लागल्यावर तुमच्या पेपरात आठवडाभर जी रंगीत पानं आली ती मी नेहमीप्रमाणे सगळी बघितली, म्हणजे फोटो बघितले आणि फोटोखालचे पर्सेंट बघितले, दोन दशांश स्थळांपर्यंत. मग नीटचा लागला, परत पानं. ही सवय मला धंद्यामुळे लागलीय. नाशिकरोडला मी १९ वर्षं आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेतले आणि त्याच पानांत माझ्याही क्लासची जाहिरात असायची, मुलांचे चौकोनी फोटो, वर 'यशाची परंपरा कायम', खाली मोबाईल नंबर. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी म्हणणार हिच्या पोराला मार्क कमी पडले म्हणून हिची जळतेय. पोराला कमी पडले हेही खरंच आहे, ते येईलच पुढे.

मला एका शब्दाबद्दल लिहायचंय. कृपा. यंदाच्या अभिनंदनाच्या जाहिराती आणि चौकातले फ्लेक्स बघा, ईश्वरकृपेने अमुक टक्के, गुरुकृपेने तमुक टक्के, आणि आम्ही ख्रिस्ती लोक असल्यामुळे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रभूच्या कृपेने ९३.८०, हालेलुया'. चांगलं आहे, देवाचं नाव घेतलं, वाईट काय त्यात. पण दहावीला नापास झालेल्या मुलाच्या आईने 'देवाच्या कृपेने' असं वाक्य सुरू केलेलं तुम्ही कधी ऐकलंय? 'सुटला बाबा एकदाचा, देवाची कृपा' असं म्हणतात, पण तेही ३५ ला टेकला म्हणूनच म्हणतात. ३५ च्या खाली कृपा नसते, ३५ च्या खाली मोबाईल असतो, संगत असते, नशीब असतं आणि बापाचे लाड असतात. बंगल्याला साईकृपा, ट्रकला आईची कृपा, रसवंतीला गुरुकृपा, भाड्याच्या खोलीला मात्र कोणी असलं नाव देत नाही. म्हणजे जे आपण स्वतः कमावलं त्याच्यावर वरून मारलेला शिक्का एवढंच काम आपण या शब्दाला ठेवलंय. आणि शब्दाचा अर्थ बरोबर उलटा आहे हो! जे कमवावं लागत नाही ती कृपा. कमावलं तर त्याला पगार म्हणतात.

हे मला कळायला ५३ वर्षं लागली. आणि मी काय देवळाबाहेरची बाई नाही, जन्मापासून चर्चमध्ये आहे, संडे स्कूल शिकवलंय, इफिसकरांच्या पत्रातलं 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे' हे वचन लहानपणी पाठ करून बक्षीससुद्धा मिळवलंय. आता विचार करते तर हसू येतं, कृपेचं वचन पाठ केलं म्हणून पहिला नंबर!

आमच्या चर्चमध्ये (कुठलं ते सांगत नाही, सगळीकडे तेच आहे) जूनमधल्या एका रविवारी उपासना संपली की गुणवंतांचा सत्कार असतो. फूल, पेन, सर्टिफिकेट, फोटो. मी गणिताची टीचर म्हणून त्याची यादी करायचं काम माझ्याकडे, ११ वर्षं मीच केली. कटऑफ मीच ठरवला होता, ८५. एका वर्षी एक बाई उपासनेनंतर माझ्याकडे आल्या, धुणीभांडी करणाऱ्या, मुलीला ८४.६० होते, म्हणाल्या मॅडम, पॉइंट चारच कमी आहेत, बघा ना काही होतं का. मी म्हणाले, ताई, नियम म्हणजे नियम, आज तुम्हाला घेतलं तर उद्या ८४ वाले येतील. आणि मला त्या वेळी वाईटही वाटलं नाही बरं का, उलट आपण किती फेअर आहोत असंच वाटलं. ज्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'देव प्रीती आहे' असं लिहिलंय, त्या भिंतीला टेकून मी हे बोलले.

मग देवाने माझाच हिशोब काढला असं मी म्हणणार नाही, देव असा सूड घेत बसत नाही. पण झालं असं की मुलाने नीट दिली. पहिल्यांदा ७२० पैकी ४३१. ड्रॉप घेतला, क्लासची फी भरली, मग २०२४ ची ती गाजलेली परीक्षा, २३ लाखांवर मुलं बसलेली, त्यातल्या ६७ जणांना आधी पैकीच्या पैकी जाहीर झाले आणि मग पेपरफुटी, ग्रेस मार्क, कोर्ट, सगळा देशभर तमाशा झाला. (ग्रेस मार्क! ग्रेस म्हणजे कृपाच की, पण ती पण कोर्टात गेल्यावर काढून घेतली, असं आमच्याकडे त्या वेळी विनोदाने बोलायचे.) आमच्या पोराला ४६० आले. एवढ्यात सरकारी कॉलेजचं नावच काढायला नको होतं आणि प्रायव्हेटची फी आमच्या बापजन्मात जमणारी नव्हती. त्या संध्याकाळी मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. एक वाक्य लिहिते फक्त, 'लोकांना आता काय तोंड दाखवू मी'. मार्क त्याचे आणि तोंड माझं. पुढच्या रविवारी सत्काराच्या वेळी तो मागच्या बाकावरून उठून बाहेर गेला आणि ॲक्टिव्हावर बसून राहिला, आणि मी आत माईकवर यादी वाचत होते.

त्याच वर्षाच्या शेवटाला माझा आवाज गेला. १९ वर्षं खडू आणि ओरडणं, स्वरयंत्रावर गाठी, साधं ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले मोठ्याने शिकवणं बंद. क्लास बंद केला, बोर्ड उतरवला. बोर्ड उतरवायला आलेल्या पोराने विचारलं, मॅडम हा ठेवायचा की भंगारात? मला उत्तरच देता येईना, आवाज नव्हता म्हणून नाही, खरंच कळेना. त्या बोर्डाशिवाय मी कोण होते? सकाळी सहाला जाग यायची आणि करायला काही नसायचं. फोन वाजायचा बंद झाला. दिवाळीला जे पन्नास-साठ पालक मिठाई द्यायचे त्यातले चार आले. मी काही त्यांना दोष देत नाही, मी सुद्धा त्यांच्या मुलांना मार्कांनीच ओळखायचे, अमुक म्हणजे ते ९७ वाले ना, असंच.

त्या महिन्यात ८४.६० वाल्या ताई घरी आल्या. बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन, घशाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ठेचा, पण असू दे. मी वहीवर लिहून दाखवलं, तुम्हाला आठवतं का, तुमच्या मुलीचं नाव मी घेतलं नव्हतं. त्यांना वाचायला थोडा वेळ लागला. म्हणाल्या, आठवतंय की, त्या दिवशी पोरगी जेवली नव्हती. आणि मग उठून माझ्या ओट्यावरची भांडी घासायला लागल्या. मी नको नको म्हणत होते, हाताने. बस एवढंच झालं. त्यांनी मला माफ केलं वगैरे काही बोलल्या नाहीत, आणि मी काही रडले वगैरे नाही, पण ती भाकरी मला जाईना. ती माझी कमाई नव्हती, आणि फुकटचं खायची मला सवयच नव्हती.

त्यानंतर बायबलमधली ती मजुरांची गोष्ट मी परत काढून वाचली, मत्तयाच्या २० व्या अध्यायातली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो, मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी ठरते. मग परत नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि चक्क संध्याकाळी पाचला परत जातो, तरी काही माणसं उभीच. तो विचारतो दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, ते म्हणतात आम्हाला कोणी कामालाच लावलं नाही. तुम्ही पण जा म्हणतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटच्यांपासून सुरुवात करतो आणि सगळ्यांना सारखीच देतो, पूर्ण दिवसाची. पहाटेचे मजूर चिडतात, ऊन आम्ही खाल्लं आणि एक तास काम केलेल्यांना आमच्याइतकं? मालक म्हणतो, तुझं ठरलेलं मी काही कमी दिलं का? मी उदार आहे हे तुला का खुपतं?

ही गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला समजवायला लागत नाही. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षाच्या सीझनला पेठ-सुरगाण्याकडून आलेली माणसं मजूर अड्ड्यावर पहाटेच उभी असतात, बाया, कडेवरची पोरं, डब्याच्या पिशव्या, आणि पिकअप आली की तरण्याताठ्या, हात चालणाऱ्या जोड्या पहिल्या उचलल्या जातात. मागे कोण राहतं? म्हातारा, बाळंतीण, नवखा, कोणाच्या टोळीत नसलेला. मी इतकी वर्षं समजत होते की पाचला उभे असलेले आळशी असणार, उशिरा उठले असणार. तसं लिहिलेलंच नाही. कोणी घेतलंच नाही त्यांना. आणि मजुरी म्हणजे काय, त्या दिवशीची चूल. एका तासाची मजुरी घेऊन तो घरी गेला असता तर पोरांनी पाऊण उपास केला असता. मालकाने तास मोजलेच नाहीत, घरी जाऊन चूल पेटली पाहिजे एवढंच बघितलं. गणिताची टीचर म्हणून मला हे गणित अजून पचत नाही हे कबूल करते. पण त्या गोष्टीत मी आयुष्यभर पहाटेच्या मजुरांत उभी होते आणि त्या वर्षी पहिल्यांदा पाचच्या लायनीत आले, एवढा फरक पडला.

माझी पणजी त्या पाचच्या लायनीतली. ती केडगावची, म्हणजे दौंडजवळचं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. जन्माने कुठली ते कोणालाच माहीत नाही. छप्पनिया दुष्काळ म्हणतात त्यात, म्हणजे १८९९-१९०० ला, गुजरातेतून ज्या अनाथ पोरी तिकडे आणल्या त्यांच्यातली ती एक. आजी सांगायची, तिला स्वतःचं नाव सोडून काही माहीत नव्हतं, आडनाव नाही, गाव नाही, वय नाही, डोक्यात उवा आणि अंगावर खरूज. आज आमच्या घराण्यात दोन इंजिनियर आणि एक हेडमास्तर आहेत, त्या सगळ्यांचं मूळ म्हणजे ही पोरगी, जिची किंमत त्या दिवशी बाजारात शून्य होती.

आणि तिला घेणारी बाई कोण होती तेही बघा. रमाबाई म्हणजे त्या काळातलं मेरिट लिस्टचं पहिलं नाव. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आईने संस्कृत शिकवलेलं, आईवडील आणि बहीण उपासमारीत गेल्यावर भावाबरोबर देशभर पायी हिंडली, आणि १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या, वय वीस. यापेक्षा मोठा सत्कार काय असतो? १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, जगभर नाव झालं. आणि एवढं सगळं होऊन, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. म्हणजे तत्त्वज्ञान पटलं होतं, वाद घालता येत होता, पण आत रिकामंच. आपल्या योग्यतेने काही होणार नाही, हे फुकट घ्यायचं असतं, हे त्या विदुषीला कळायला आठ वर्षं लागली, तर मला ५३ लागली यात नवल नाही म्हणायचं.

मला सगळ्यात आवडतं ते त्यांनी दिलेली नावं. आधीची संस्था शारदा सदन, विद्येची देवी. पुढे मुक्तीत वेगवेगळी सदनं झाली, त्यात आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन, आणि फसवल्या गेलेल्या, समाजाने वाईट ठरवून टाकून दिलेल्या बायकांसाठी एक वेगळं सदन, त्याचं नाव कृपासदन. बघा हं. पदव्या मिळालेल्या बाईने कृपा हे नाव कुठे लावलं? बंगल्याला नाही लावलं, टॉपर मुलींच्या हॉस्टेलला नाही लावलं. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्या दारावर लावलं.

आता कोणी म्हणेल, मग अभ्यासच करायचा नाही का, सगळ्यांना सारखी मजुरी म्हणजे उद्या पोरं पुस्तक उघडणार नाहीत. हा प्रश्न मलाही पडतो, शिक्षिका आहे ना. पण मुक्तीतल्या पोरी रिकाम्या बसत नव्हत्या, माझी पणजी विणकाम करायची, छापखाना चालायचा, शेती होती, आणि रमाबाई स्वतः म्हातारपणी हिब्रू, ग्रीक शिकून या पोरींना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करत बसल्या. काम भरपूर होतं. फक्त कामाच्या आधी जेवण मिळालं होतं, काम करून दाखव मग जेवण देऊ असं नव्हतं. मी माझ्या मुलाला आधी काम सांगितलं आणि जेवण त्याच्यावर अवलंबून ठेवलं, भाकरीचं जेवण नाही म्हणत मी, दुसरं. बायबलमधला संत पौल तर फिलिप्पैकरांना पत्र लिहिताना स्वतःचा सगळा बायोडेटा देतो, कुळ, जात, शिक्षण, धर्माचा आवेश, आणि मग म्हणतो हे सगळं मी केरकचरा समजतो. बायोडेटा खोटा होता म्हणून नाही म्हणत तो, खरा असूनही म्हणतो.

आमच्या शेजारचे काका माळकरी आहेत, दरवर्षी वारीला जातात, त्यांना मी हे सगळं सांगितलं तर म्हणाले, आमच्याकडे काय वेगळं आहे, वाटेत कोणी भेटलं की माउली म्हणतात, कलेक्टर असो की हमाल, आधी कितवी पास ते विचारत नाहीत. मग थोडं थांबून म्हणाले, पण परत आलो की विचारतात. हे मात्र खरं बोलले.

तुम्हाला माझं म्हणणं एवढंच की ती पानं बंद करा असं मी म्हणत नाही, मुलांनी कष्ट केलेत, फोटो येऊ देत, त्यांच्या आजी-आजोबांनी कात्रणं काढून ठेवू देत. पण तुमच्याकडे नापासांच्याही गोष्टी येतात त्या सगळ्या 'दोनदा नापास, आज अधिकारी' अशाच असतात. नापास झालेला शेवटी जिंकला तरच छापायचा, म्हणजे तोही परत पासच झालेला. नापास झाला आणि पुढेही काही विशेष झालं नाही, साधी नोकरी करतो, घरच्यांवर जीव लावतो, रात्री नीट झोपतो, असा माणूस एकदा छापा ना. फोटोसकट. माझ्या मुलाचं म्हणाल तर तो बी.एस्सी. करतोय, बरं चाललंय, त्याच्यावर स्टोरी होणार नाही.

आणि यंदाच्या सत्काराचं सांगून थांबते. कमिटीने परत यादी माझ्याकडेच दिली, बारीक आवाजात का होईना वाचता येतं आता. मी यंदा दहावी-बारावीला बसलेल्या सगळ्या २३ मुलांची नावं घातली, अक्षराच्या क्रमाने, पर्सेंट कोणाचेच नाहीत, दोन नापास धरून. पाळक साहेब म्हणाले बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर. शनिवारी रात्रीच एका ताईंचा फोन, आमच्या मुलीच्या ९३ ला मग काय अर्थ राहिला मॅडम? अगदी तेच वाक्य, दोन हजार वर्षांपूर्वीचं. पहाटेचे मजूर म्हणून तोंडावर आलं होतं, पण गिळलं, कारण त्या जागेवर १९ वर्षं मी उभी होते आणि त्या पोरीने खरंच रात्री जागून अभ्यास केलाय.

आणि नापास झालेल्या दोघांतला एक आलाच नाही स्टेजवर. आधी भेटून मला सांगून गेला, मॅडम, दया नको. त्याला तरी काय सांगणार, कृपा आणि दया वेगळी असते हे सोळाव्या वर्षी कळत नाही, आणि मी पण ते नीट करून दाखवलं का याची मला खात्री नाही. नाव वाचलं मी त्याचं, टाळ्या पडल्या, जागा रिकामी. खिडकीतून दिसत होतं, तो बाहेर आमच्या ॲक्टिव्हावर बसला होता, आणि माझा मुलगा मागच्या बाकावरून उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. काय बोलले कोणास ठाऊक.

आपली जुनी वाचक आणि एके काळची जाहिरातदार,
नाशिकरोड